युक्रेनी आडनावांचा ऑनलाइन वर्ग: फी पुरेपूर वसूल

विनित्सियात एमबीबीएस करताना केसपेपरवर जी आडनावं मी नुसती उतरवून काढायचे, ती पडली कशी हे जाणून घ्यायचं होतं. म्हणून ल्विवच्या एका शिक्षिकाबाईंचा हा वर्ग लावला. विषय एकच, टोपणनावांवरून आलेली आडनावं.

सुरुवात झापोरोझियन सिचपासून होते. नीपर नदीकाठच्या, कोसाक नावाच्या लढवय्यांच्या या छावणीत जमीनदारांच्या जाचातून पळून आलेले लोक असायचे. जुनी ओळख पुसलेलीच बरी, म्हणून सोबती नवं नाव ठेवायचे आणि तेही खोडसाळपणे. धिप्पाड गड्याला मल्यूता, म्हणजे छोटू. कुणाच्या हातून झोपडी पेटली की तो पालीय, आग लावणारा. प्रसिद्ध कर्नल सेमेन पालीयचं मूळ आडनाव हुर्को होतं, हे मला इथंच कळलं.

वर्गाचा खरा जीव आहे तो १६४९ च्या नोंदवहीत. पोलंडशी झालेल्या झ्बोरिवच्या तहात नोंदणीकृत कोसाकांची संख्या ४०,००० ठरली आणि १६ पलटणींची नावनिशीवार यादी तयार झाली. बाई तिची पानं स्क्रीनवर लावतात आणि आम्हाला आळीपाळीनं मोठ्यानं वाचायला सांगतात. वाचता वाचता 'एंको' हा शेवट कानात बसतो. लिसी म्हणजे टकलू, त्याचं पोर लिसेंको. संगीतकार मिकोला लिसेंको यांचं आडनाव हेच. दोव्ही म्हणजे लांब, उंच; त्यावरून दोव्झेंको. माझी मात्र आवडती आडनावं क्रियापदवाली. उबीवोव्क म्हणजे 'लांडगा मार', नेपीपिवो म्हणजे 'बियर पिऊ नको', नेतुदीखाता म्हणजे 'घर तिकडे नाही'. मी वाघमारे आणि आगलावे सांगितल्यावर बाईंनी दोन्ही आडनावं फोड करून फळ्यावर लिहायला लावली आणि आगलावे थेट पालीयच्या शेजारी मांडलं. शिकवणं असं असावं!

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुरावा नसेल तिथं त्या गोष्ट रचत नाहीत. ५०० रिव्नियांच्या नोटेवरचे तत्त्वज्ञ स्कोवोरोदा घ्या. त्यांच्या आडनावाचा अर्थ तळणीचा तवा. पण घराण्यात ते कुणाला आणि का चिकटलं, यावर त्यांनी सरळ 'माहीत नाही' म्हटलं. इंटरनेटवर आडनावांच्या नावाखाली काय काय खपवलं जातं ते पाहिलं की या उत्तराची किंमत कळते.

कमी पडला तो पश्चिम युक्रेन. 'चुक' आणि 'आक' शेवटाची आडनावं शेवटच्या तासात घाईनं उरकली. त्यांना स्वतंत्र तास हवाच.

सिरिलिक, म्हणजे युक्रेनीची लिपी, वाचता येत नसेल तर आधी तेवढं शिकून घ्या, नाहीतर नोंदवहीच्या तासाला नुसतं बघत बसावं लागेल. वर्ग युक्रेनीत चालतो, पण बाई सावकाश बोलतात आणि रेकॉर्डिंग नंतर मिळतं.