आत्ताच फ्लॅट, की भाव उतरेपर्यंत भाडं?

विश्रामबागेतल्या चहाच्या टपरीवर मावसभाऊ आणि त्याचा मित्र परवा हातघाईवर आले होते. एक म्हणे भाव पडणार, दुसरा म्हणे सांगलीत कधी पडलेत? मी गल्ल्यावरच्या वहीचं पान मागून घेतलं.

फ्लॅट 35 लाखांचा, कर्ज 30 लाख, 8.5 टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 26,035. पहिल्या हप्त्यातले 21,250 निव्वळ व्याज, मुद्दल फिटते पाच हजारांच्या आत. तसल्याच फ्लॅटचं भाडं 9,000. मुद्रांक शुल्क, नोंदणी खिशातून, ते कर्जात धरत नाहीत.

भाव 10 टक्के उतरले तर साडेतीन लाख वाचतील. पण वाट बघण्यात तीन वर्षं गेली, तर भाड्याचेच 3,24,000 जातात. उलट आज घेतला आणि मग भाव उतरला, तर स्वतःचे घातलेले पाच लाख कागदावर दीड लाख उरतात. विकायचं नसेल तर त्याचं काय एवढं!

मनस्ताप? भाड्यात घरमालक, कर्जात महिन्याची पाच तारीख. आणि नदीकडचा स्वस्त फ्लॅट दिसला, तर आधी 2019 आणि 2021 च्या पुराची खूण भिंतीवर कुठवर आहे ते बघा.

मावसभावाच्या डोक्यावर तीन लाखांचं पर्सनल लोन आहे, हप्ता सव्वादहा हजार. त्यानं थांबावं, आधी ते फेडावं. मित्र कर्जमुक्त, नोकरी इथलीच, दहा वर्षं राहणार. त्यानं खुशाल घ्यावा. फिरत्या (फ्लोटिंग) व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही.