डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए अ‍ॅडॉप्टर, सीआरटीवाल्यांनी घ्याच
माझा १७ इंची सीआरटी (जुना काचेच्या नळीवाला, व्हीजीए केबलने अ‍ॅनालॉग सिग्नल घेणारा मॉनिटर) परत सुरू झाला, जाम खूश आहे! २०१६ च्या जीटीएक्स १०८० ह्या ग्राफिक्स कार्डापासून एनव्हिडियाने अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला, म्हणून कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला लावायचा तो साधा कन्व्हर्टर आता चालत नाही, आत डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिपच लागते. आधी एक स्वस्तातला एचडीएमआयवाला घेतलेला, तो ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं होणं) वर जाईचना, पांढऱ्या स्क्रीनवर एवढं लुकलुकायचं की डोळे दुखायचे. ह्या डिस्प्लेपोर्टवाल्यावर १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झ आरामात मिळतात आणि अक्षरांच्या बाजूला सावली अजिबात नाही. फक्त ८५ चा आकडा ड्रायव्हरमध्ये जाऊन हाताने टाकावा लागला. मॉनिटर ऑन करताना तो डीगॉसचा (पडद्यात साचलेलं चुंबकत्व घालवतानाचा) 'धुम्म' आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला.