फिरतीवर एकट्याने जेवताना गूगल मॅप्स: जागा बाद करायला पक्कं, निवडायला कच्चं

कामाच्या फिरतीवर जेवणाची जागा शोधायला हाताशी अर्धा-पाऊण तास असतो. सोबत मत द्यायला कोणी नसतं आणि निवड चुकली तर दुसऱ्या दिवशीची मीटिंग पोट धरून करावी लागते. या कामात गूगल मॅप्स जागा बाद करायला उत्तम आहे, निवडायला मध्यम. चवीचं मात्र त्याला फारसं कळत नाही.

शोध अनेकदा पहिल्या शब्दालाच चुकतो. आपण मराठीत खाण्याच्या जागेलाही हॉटेल म्हणतो; ॲपला तो शब्द दिला की ते बहुतेक राहायच्या खोल्याच दाखवतं. ‘रेस्टॉरंट’ लिहिलं की मोठी, चकचकीत नावं वर येतात. त्याऐवजी त्या गावच्या भाषेत ‘जेवण’ किंवा ‘खानावळ’ या अर्थाचा शब्द, त्यांच्याच लिपीत टाकावा. छोट्या जागांची नावं आणि रिव्ह्यू त्याच लिपीत असतात, त्यामुळे यादीचा चेहराच बदलतो.

दुसरी गोष्ट झूमची. नकाशा लांबून पाहिला तर मोजक्याच जागा नावानिशी दिसतात. कोण वर दिसणार हे शब्दाशी जुळणी, अंतर आणि जागेची प्रसिद्धी यांवर ठरतं, असं गूगलच सांगतं. शिवाय मध्ये जाहिरातीही असतात. मुक्कामाच्या जागेपासून दहा-बारा मिनिटं चालण्याइतका, म्हणजे साधारण 800 मीटरचा भाग पडद्यावर मावेल एवढं जवळ जावं आणि तिथे पुन्हा शोधावं. मग नकाशा एकेक गल्ली सरकवत जायचं. कंटाळवाणं आहे, पण चांगल्या जागा अशाच सापडतात.

आता तारे. सगळ्यांची नजर आधी तिकडे जाते आणि सगळ्यात कमी माहिती तिथेच असते. 25 रिव्ह्यूंवर 4.8 आणि 900 रिव्ह्यूंवर 4.3 यांत पहिली जागा सरस वाटते. पण दोन्हीकडे एक ताऱ्याचे पाच-पाच रिव्ह्यू वाढले तर पहिली 4.17 वर घसरते, दुसरी 4.28 वर राहते. यावर एक सोपा हिशोब आहे: प्रत्येक जागेला चार ताऱ्यांचे 50 काल्पनिक रिव्ह्यू जोडायचे आणि सरासरी पुन्हा काढायची. वरच्या दोन्ही जागा मग 4.27 आणि 4.28 वर येतात, म्हणजे फरक उरतच नाही. त्यातून तारे खोटेही असू शकतात. 2017 साली लंडनमध्ये ‘द शेड ॲट डलिच’ नावाचं, अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट बनावट रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपॲडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या साइटवर शहरात पहिल्या क्रमांकाला पोचलं होतं. तो ‘शेड’ म्हणजे एका घराच्या बागेतलं खोपटं होतं!

रिव्ह्यू वाचायचे ते ‘सर्वांत नवीन’ लावून, गेल्या दोन-तीन महिन्यांतले. आचारी किंवा मालक बदलला की जुनी स्तुती बाद, पण सरासरी मात्र तीच दाखवत राहते. मग सर्वांत कमी तारे लावून वाचावं. तिथे तक्रार कशाबद्दल आहे ते महत्त्वाचं. गाडी लावायला जागा नाही, गर्दी फार, सजावट जुनी, यांचं एकट्या माणसाला काही वाटायचं कारण नाही. ‘शिळं’, ‘पोट बिघडलं’, ‘बिलात जास्त लावलं’ हे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेलं दिसलं, तर मात्र जागा बाद. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधायची सोय आहे. तिथे ‘एकटा’ किंवा ‘एकटी’ यासाठीचा स्थानिक शब्द टाकून पाहावा. बाईमाणसाला रात्री तिथे बसणं कसं वाटतं, याचा अंदाज ताऱ्यांपेक्षा इथे लवकर येतो.

ॲपमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात चुकीची वाचली जाणारी सोय म्हणजे गर्दीच्या वेळांचा आलेख. त्यातली उंची त्या जागेच्या स्वतःच्या कमाल गर्दीशी तोलून काढलेली असते. म्हणून दोन जागांचे आलेख शेजारी ठेवून ‘इथे जास्त चालतं’ असं ठरवता येत नाही. पाहायचा तो आकार. कामाच्या दिवशी दुपारी ठळक उंचवटा असेल तर आसपासची नोकरदार मंडळी तिथे रोज जेवतात. अशा ठिकाणी माल रोज खपतो, वाढप झटपट असतं आणि एकटा माणूस नवलाचा नसतो. सगळी उंची सुट्टीच्या रात्री असेल तर ती कुटुंबांची, घोळक्यांची जागा; तिथे एकट्याला दाराजवळचं नाहीतर मोरीशेजारचं टेबल मिळण्याची शक्यता जास्त. आलेखच नसेल तर जागा वाईट असं समजू नये. पुरेशा लोकांचा डेटा नसला की तो दिसत नाही, आणि छोट्या खानावळींचं बहुधा तेच होतं.

फोटोंत मालकाने टाकलेले सोडून गिऱ्हाइकांचे पाहावेत. मेन्यूकार्डाचा ताजा फोटो मिळाला तर सोनं: भाव कळतात, अर्धी प्लेट मिळते का ते कळतं. मागे टेबलं दिसतात तीही न्याहाळावीत. सगळी सहा-आठ जणांची असतील तर एकट्याची अडचण. काउंटरला लागून खुर्च्या किंवा दोघांची छोटी टेबलं असतील तर निर्धास्त जावं. शेवटचा फोटो आणि शेवटचा रिव्ह्यू दोन्ही सहा महिन्यांहून जुने असतील तर जागा बंद पडल्याचा संशय घ्यावा आणि निघण्याआधी फोन करावा.

वेळांवर पूर्ण भिस्त नको. ॲपमध्ये रात्री अकरा लिहिलेलं असतं ते दार बंद व्हायचं. स्वयंपाकघर अर्धा-पाऊण तास आधी आवरतं. उशिरा पोचणाऱ्याने फोनवर ‘किती वाजेपर्यंत उघडं?’ न विचारता ‘शेवटची ऑर्डर कधी घेता?’ असं विचारावं. सणासुदीच्या वेळा मालकाने भरल्या असतील तरच खऱ्या. आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी त्यात ताजे रिव्ह्यू आणि फोटो मिळत नाहीत. निवडलेल्या तीन जागांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलेले बरे.

बाकीच्या सेवांपैकी ट्रिपॲडव्हायझर पर्यटकांचं, त्यामुळे कार्यालयांच्या वस्तीत त्याचा हात तोकडा. फक्त शाकाहारी किंवा व्हीगन खाणाऱ्यांनी अशाच जागा दाखवणारं हॅपीकाऊ ॲप ठेवावं. मिशेलिन या रेस्टॉरंट-गाइडचे तारे एकट्याच्या रोजच्या जेवणाला कामाचे नाहीत, पण रास्त दरातल्या चांगल्या जेवणासाठी ते 1997 पासून देतात ती ‘बिब गुरमाँ’ यादी, त्या गावापुरती असेल तर, जरूर पाहावी. आणि या सगळ्यांहून सरस म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणचा रात्रपाळीचा माणूस. त्याला ‘चांगली जागा कुठली?’ असं विचारलं की पाहुण्यांना सांगायचं ठरलेलं नाव मिळतं. ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असं विचारावं.

गावात दोन-तीन दिवस असाल तर नवी जागा रात्री न आजमावता दुपारी आजमावा: पदार्थ ताजे असतात, आणि जमलं नाही तर संध्याकाळ हातात असते. ऑफिसला खर्च लावायचा असेल तर बसण्याआधीच तपशीलवार बिल मिळतं का आणि कार्ड चालतं का ते विचारून घ्यावं. बिल उष्णतेने छपाई होणाऱ्या थर्मल कागदाचं असेल तर टेबलावरच फोटो काढावा. गरम गाडीत राहिलेल्या कागदावरची अक्षरं महिनाअखेरीस वाचता येतीलच असं नाही.