किडनीत गाठ निघाली: पूर्ण किडनी काढायची की फक्त गाठ?

माझ्या आत्याची सोनोग्राफी झाली ती पित्ताशयात खडे आहेत का हे बघण्यासाठी. खडे नव्हते, पण उजव्या किडनीवर साडेतीन सेंटीमीटरची गाठ निघाली. वय ६५, मधुमेह १२ वर्षांपासून, रक्तदाबाची एक गोळी चालू. सीटी स्कॅन झाल्यावर युरॉलॉजिस्टनी दोन पर्याय सांगितले. पहिला रॅडिकल नेफ्रेक्टॉमी, म्हणजे गाठीसकट पूर्ण किडनी काढणं. दुसरा पार्शल नेफ्रेक्टॉमी, म्हणजे गाठ आणि भोवतीची थोडी निरोगी कड काढून उरलेली किडनी शाबूत ठेवणं. घरात सगळ्यांचा कल पहिल्याकडे होता. "एका किडनीवर माणूस आरामात जगतो, दान करणारे नाही का जगत?" हे वाक्य त्या आठवड्यात मी किती जणांच्या तोंडून ऐकलं!

त्या वाक्यातच चूक आहे. किडनीदाता पारखून घेतलेला असतो. मधुमेह असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, किडनीचं काम कमी असेल, तर त्याला सहसा नकारच मिळतो. गाठीच्या रुग्णाला कोणी असं निवडलेलं नसतं. उलट उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, धूम्रपान आणि वाढतं वय यांमुळे किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि किडनी हळूहळू निकामीही होते. त्यामुळे गाठ आणि किडनीचा जुना आजार पुष्कळदा एकाच माणसात असतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी २००६ साली ६६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या दोन्ही किडन्या होत्या, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल होतं, गाठी ४ सेंटीमीटरपर्यंतच्या होत्या. तरीही त्यांतल्या २६ टक्के लोकांना शस्त्रक्रियेआधीच किडनीचा दीर्घकालीन आजार होता.

क्रिएटिनिन नॉर्मल आणि तरी आजार, हे कसं? क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. वय झालेल्या, बारीक चणीच्या बाईत स्नायू कमी, म्हणून आकडा कमी दिसतो. खरी मोजणी ईजीएफआरची, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात याच्या अंदाजाची. आत्याचं क्रिएटिनिन १.१ होतं. तेवढंच क्रिएटिनिन ३० वर्षांच्या पुरुषाचं असेल तर ईजीएफआर ९३ च्या आसपास येतो. आत्याचा आला ५६. सलग तीन महिने ६०च्या खाली राहिला तर तो किडनीचा दीर्घकालीन आजार मानतात. रिपोर्टवर मात्र क्रिएटिनिनपुढे 'नॉर्मल' एवढंच छापलं होतं.

आता दोन्ही शस्त्रक्रिया शेजारी ठेवून बघू. ४ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत कॅन्सर काबूत येण्याच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारख्याच मानल्या जातात. फरक पडतो तो उरलेल्या किडनीच्या ताकदीत. पूर्ण किडनी काढल्यावर दुसरी किडनी थोडी मोठी होऊन जास्त काम उचलते, तरी एकूण काम साधारण एक तृतीयांशाने घटतं. पार्शलनंतर, दोन्ही किडन्या असतील तर, घट बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास असते. डॉक्टर एक ढोबळ हिशेब करतात: राहणाऱ्या किडनीच्या वाट्याचा ईजीएफआर घ्यायचा आणि त्याला १.२५ ने गुणायचं. आत्याच्या दोन्ही किडन्या निम्मं-निम्मं काम करत होत्या. ५६चे निम्मे २८, गुणिले १.२५, म्हणजे ३५. पार्शल केली तर साधारण ५०. त्या ३० वर्षांच्या पुरुषाची पूर्ण किडनी गेली तरी त्याच्याजवळ ५८ उरतात. शस्त्रक्रिया तीच, पण त्याला ती पेलते आणि आत्याला जड जाते. वर सांगितलेल्या अभ्यासात तीन वर्षांनंतर ईजीएफआर ६०च्या वर टिकून राहण्याची शक्यता पार्शलनंतर ८० टक्के होती, तर पूर्ण किडनी काढल्यावर ३५ टक्के.

पार्शलची बाजू एवढी भक्कम वाटत असताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. युरोपात ५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली. गाठी ५ सेंटीमीटरपर्यंतच्या, दुसरी किडनी चांगली. २०११ साली निकाल आला तेव्हा दहा वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण पूर्ण किडनी काढलेल्या गटात ८१.१ टक्के होते आणि पार्शल गटात ७५.७ टक्के. चाचणीत ठरवलेल्या संख्येइतके रुग्ण मिळाले नव्हते आणि किडनीच्या कॅन्सरने गेलेले फार थोडे होते, म्हणून यावरून पार्शल वाईट असं कोणी म्हणत नाही. पण पार्शलने आयुष्य वाढतंच, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याच रुग्णांत ईजीएफआर ६०च्या खाली गेलेले पूर्ण किडनी काढलेल्या गटात ८५.७ टक्के आणि पार्शल गटात ६४.७ टक्के होते. डायलिसिसच्या उंबरठ्याशी, म्हणजे १५च्या खाली गेलेले मात्र दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास.

याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे. किडनी कापल्यामुळे घटलेलं काम आणि मधुमेहाने किंवा रक्तदाबाने घटलेलं काम, यांत फरक आहे. शस्त्रक्रियेने आकडा एकदाच खाली येतो आणि पुष्कळदा तिथेच टिकतो. मधुमेह मात्र उरलेल्या किडनीलाही कुरतडत राहतो. म्हणून ज्याच्या लघवीत प्रथिनं नाहीत, ज्याला मधुमेह नाही आणि ज्याचा ईजीएफआर नंतरही ४५च्या वर राहील, त्याची पूर्ण किडनी गेली तरी मी फार घाबरणार नाही. आत्यासारख्यांच्या बाबतीत घाबरेन.

पार्शलची किंमतही मोजावी लागते. त्या युरोपीय चाचणीत मोठा रक्तस्राव पार्शलमध्ये ३.१ टक्के, तर दुसरीकडे १.२ टक्के. लघवीची गळती पार्शलमध्ये ४.४ टक्के, पूर्ण किडनी काढली की तो प्रश्नच नाही. गाठ किडनीच्या मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असेल तर काम आणखी अवघड. रक्तपुरवठा थोडा वेळ चिमट्याने थांबवावा लागतो, आणि तो अर्ध्या तासापलीकडे लांबला तर वाचवलेला भागही दुखावतो. तरी सगळ्यांत महत्त्वाचं ठरतं ते निरोगी मांस किती उरलं. त्यामुळे रोबोट आहे की नाही यापेक्षा सर्जनचा हात किती बसला आहे, हे मी आधी विचारेन. रोबोटने खर्च वाढतो. सरावलेल्या हाताने दुर्बिणीतून किंवा उघडी शस्त्रक्रियाही उत्तम होते.

मग ठरवायचं कसं? ४ सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल आणि तांत्रिकदृष्ट्या जमत असेल तर पार्शल, यावर आता फारसा वाद नाही. ४ ते ७ सेंटीमीटरच्या पट्ट्यात गाठीची जागा बोलते. गाठ आक्रमक दिसते, गुंतागुंतीच्या जागी आहे, दुसरी किडनी ठणठणीत आहे, आधीचा आजार नाही, तर पूर्ण किडनी काढणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. एकच किडनी असेल, दोन्हीकडे गाठी असतील किंवा ईजीएफआर आधीच घसरलेला असेल, तर पार्शलसाठी शक्य तेवढा आग्रह धरावा, दुसऱ्या केंद्रात जावं लागलं तरी.

शस्त्रक्रिया न करण्याचेही मार्ग आहेत. लहान गाठींपैकी सुमारे पाचातली एक कॅन्सरची नसतेच, आणि बाकीच्या बऱ्याच वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. ऐंशीच्या घरातल्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसाची दोन सेंटीमीटरची गाठ ठरावीक अंतराने स्कॅन करत नजरेखाली ठेवणं हा पूर्ण मान्य उपचार आहे. किडनीला त्याचा काहीच त्रास नाही. ३ सेंटीमीटरपर्यंतची गाठ सुईवाटे उष्णतेने जाळून किंवा गोठवून नष्ट करता येते. त्यात किडनीचं काम छान वाचतं, पण गाठ त्याच जागी परत येण्याची शक्यता पार्शलपेक्षा जरा जास्त असते आणि स्कॅन करत राहावं लागतं. आधी बायोप्सी करून घ्यावी.

संमतिपत्रावर सही करण्याआधी आम्ही चार गोष्टी मागून घेतल्या: ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, दोन्ही किडन्यांचं वेगवेगळं काम दाखवणारा डीटीपीए स्कॅन, आणि नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या आजारांवर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरची भेट. शेवटची गोष्ट आम्हाला कोणी सुचवली नव्हती. ईजीएफआर ४५च्या खाली असेल, लघवीत प्रथिनं असतील, मधुमेहाबरोबर किडनीचा आजार असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर आकडा ३०च्या खाली जाईल असं दिसत असेल, तर अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनाही नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा असंच सांगतात.

आत्याची पार्शल झाली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात आम्ही सगळे गाठीचाच मजकूर वाचत होतो. नेफ्रॉलॉजिस्टनी बोट ठेवलं ते खालच्या दोन ओळींवर, गाठीभोवतीच्या निरोगी समजल्या गेलेल्या भागावर. तिथे मधुमेहाने झालेले बदल लिहिले होते. ही तपासणी रिपोर्टात नसेल तर मागावी, कारण दुसऱ्या किडनीची अवस्था त्याहून वेगळी असण्याचं कारण नसतं. त्या दिवसापासून, उरलेली किडनी जपायची म्हणून, तिच्या गुडघेदुखीच्या गोळ्या बंद झाल्या, कोणीतरी आणून दिलेलं भस्म कचऱ्यात गेलं, आणि रक्तदाबाची वही सुरू झाली. वर्षाने ईजीएफआर ४९ आला. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, कॅन्सरसाठी स्कॅन आणि किडनीसाठी रक्त-लघवी, दोन्ही एकाच दिवशी.