जेम मायक्रोमॅटिक क्लॉग-प्रूफ: सात महिन्यांच्या दाढ्यांनंतर

आधीच सांगतो, हा रेझर आपल्याकडे घरोघरी असतो तो नव्हे. तो बाबांच्या पिढीचा, दुधारी ब्लेडचा: टोपाझ नाहीतर सेव्हन ओ क्लॉकचं पातळ पातं, वर झाकण, खालून दांडा फिरवून आवळायचा. हा एकधारी. पात्याच्या एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला दुमडलेल्या पत्र्याचा जाड कणा. पातं स्वतःही जाड. दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटरचं असतं, हे ०.२३चं. त्यामुळे ते वाकत नाही, लवत नाही. माझी पुढची सगळी सुखदुःखं या एका गोष्टीतून निघाली.

गेल्या थंडीत पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात बायको पितळी भांडी बघत होती आणि मी कंटाळून एका काचेच्या कपाटापाशी उभा होतो. आत जुनी घड्याळं, कफलिंक आणि हा रेझर. किंमत १८ डॉलर. तेव्हा मी पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरायचो. महिन्याला त्याच्यावर होणारा खर्च, वर गळ्यावर कायमच्या पुटकुळ्या. तेवढ्या पैशात एक प्रयोग होईल म्हणून घेतला.

घरी आणला तेव्हा तो कळकट होता. कुणा परक्या माणसाच्या दाढीच्या साबणाचा थर अनेक वर्षं आत सुकून बसलेला. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यावर स्वच्छ झाला. पितांबरी लावायचा मोह होईल, तो आवरा. वरचा मुलामा एकदा गेला की गेला. दांड्याच्या खालची गोल मूठ फिरवली की वरचं झाकण डब्यासारखं उघडतं. पातं आत सरकवायचं, मूठ उलटी फिरवायची, झाकण बसतं. सुटा भाग एकही नाही, त्यामुळे बेसिनच्या भोकात पडून हरवण्यासारखं काही नाही. माझा नमुना १९४०च्या दशकातला, म्हणजे बाबांपेक्षा वयाने मोठा. आणि मूठ फिरवताना अजून जराही खडखड नाही.

जेम हा तेव्हा न्यू यॉर्कच्या ब्रुकलीनमधल्या अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीचा ब्रँड होता. संध्याकाळी ऑफिसातून निघताना गालावर जे काळपट खुंट दिसू लागतात, त्याला इथे ‘फाइव्ह ओ क्लॉक शॅडो’ म्हणतात. तो शब्द अमेरिकेच्या तोंडी बसवला याच जेमच्या जाहिरातींनी. अशी दाढी घेऊन वावरणाऱ्या माणसाला त्या इतकं लाजवायच्या की बिचारा दुसऱ्या दिवशी ब्लेड आणायला पळत असणार. एकधारी घराणं तर जिलेटपेक्षाही जुनं. काम्फे बंधूंनी न्यू यॉर्कमध्येच १८८० साली ‘स्टार’ रेझरचं पेटंट घेतलं, जिलेटच्या दुधारी रेझरला ते मिळालं १९०४ साली. फरक इतकाच की स्टारचं पातं वस्तऱ्यासारखंच चामड्यावर परजावं लागायचं.

आता पहिली दाढी. मी बाबांना लहानपणी बघितलं होतं तसा धरला, म्हणजे दांडा गालापासून जरा तिरका. काही कापलंच जाईना. फेस निघायचा, खुंट तिथेच. मग आपण सगळे करतो तेच केलं, जोर लावला. हनुवटीच्या डाव्या अंगाला कापलं, आणि जाड पात्याने कापलेलं पटकन थांबत नाही. तुरटीचा खडा फिरवला, वर टिश्यूचा तुकडा चिकटवला आणि तसाच कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त जागा वेगळी. आठवडाभरात वाटायला लागलं की १८ डॉलर पाण्यात गेले.

चूक कोनाची होती. या रेझरचं डोकं वरून सपाट असतं. ती सपाट बाजू आधी गालावर पूर्ण टेकवायची, इस्त्री कपड्यावर ठेवतो तशी. दांडा तेव्हा गालापासून जवळजवळ काटकोनात उभा राहतो आणि आरशात ते अगदी विचित्र दिसतं. मग दांडा किंचित, अगदी किंचित खाली आणायचा. एका क्षणी आवाज सुरू होतो. पोळी करपल्यावर तव्यावरचे कण उलथन्याने खरवडताना येतो तसा कोरडा, कुरकुरीत आवाज. तो आला की कोन जमला. बंद झाला तर एकतर कोन सुटला, नाहीतर तिथली दाढी संपली. पहिले दोन महिने मी आरशापेक्षा कानावर जास्त विसंबलो. बायको म्हणते, दाराबाहेर ऐकू येतं.

जोराचं म्हणाल तर काहीच लावायचा नाही. रेझरचं वजनच पुरतं. हे वाचायला सोपं आहे, पण वीस वर्षं प्लॅस्टिकचं काही घासत आलेल्या मनगटाला ते पटायला मला दीड महिना लागला. मी शेवटी दांडा अगदी टोकाला, दोन बोटं आणि अंगठ्यात धरायला लागलो. तिथून जोर लावताच येत नाही.

दुसरा धडा गळ्याचा. एका रविवारी दोन दिवसांची दाढी वाढू दिली आणि बोटं फिरवून बघितलं की केस कुठून कुठे जातात. गालांवर सगळं सरळ खाली. पण गळ्यावर उजवीकडे केस खालून वर वाढतात आणि डावीकडे, कंठाच्या शेजारी, चक्क भोवरा आहे. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला सुलटा हात समजत होतो, तो गळ्यावर उलटा हात होता. पुटकुळ्यांचं कारण तेच. आता गळ्यावर पहिला हात खालून वर, दुसरा आडवा, आणि तिथेच थांबतो. उलटा हात मारून घोटून दाढी फक्त लग्नकार्य असेल तेव्हा, तीही फक्त गालांवर. तिसऱ्या महिन्यानंतर पुटकुळ्या जवळजवळ गेल्या. याचं श्रेय रेझरला किती आणि त्या रविवारला किती, मला नाही ठरवता येत.

दोषही आहेत. डोकं मोठं आणि जाड, त्यामुळे नाकाखाली शिरत नाही. मला मिशी आहे. मिशीची खालची कड आखताना पात्याची धार कुठे आहे तेच दिसत नाही. एकदा डावीकडची कड वर गेली, बरोबरी करायला उजवीकडची घेतली, मग परत डावीकडची, आणि शेवटी ऑफिसात एकाने तब्येत बरी आहे ना विचारलं. आता कड आखायला वेगळी छोटी कात्री ठेवली आहे.

पात्यांचा प्रश्न वेगळाच. हेच माप आणि हाच आकार असलेली पाती हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात, काचेवरचा रंग खरवडायला. स्वस्त असतात. मी एकदा लावून बघितली आणि एक गाल झाल्यावर काढून ठेवली. दाढीसाठी बनवलेली, वरून लेप दिलेली स्टेनलेसची पातीच घ्या. माझी दाढी राठ आहे, मला एक पातं सहा दाढ्या पुरतं. सातवीला आवाज बदलतो.

हुरूप वाढल्यावर मी याच घराण्यातला आणखी जुना, १९१२ म्हणून ओळखला जाणारा नमुना ऑनलाइन मागवला. विक्रेत्याने सगळे फोटो झाकण बंद ठेवून काढले होते, आणि मी मूर्खासारखा विचारलं नाही. पातं किती पुढे यायचं हे ठरवायला डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक अटकाव असतात. त्यातला डावा तुटलेला. पातं एका अंगाला पुढे यायचं आणि तिरकं बसायचं. पैसे बुडाले. तेव्हा असा कुठलाही रेझर घेताना उघड्या डोक्याचा, दोन्ही कोपरे दिसतील असा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा बरोबर नेला. बिनपात्याचा रेझर विमानात हातातल्या सामानातून नेता येतो, सुटी पाती नाही, ती मोठ्या बॅगेत टाकावी लागतात. आणि न्यावीच लागतात, कारण आमच्या भागातल्या कुठल्याच दुकानात ती मिळाली नाहीत. बाबांनी रेझर हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि म्हणाले, “अरे, याने दाढी करायची की नारळ सोलायचा?” मग मूठ फिरवून झाकण दोनतीनदा उघडलं-मिटलं. ते त्यांना आवडलं, तोंडावर दिसत होतं. पण लगेच म्हणाले, “एकाच बाजूला धार? म्हणजे दर दोन हातांनी नळाखाली धरायचा. माझा तरी पालटून घेता येतो.” मुद्दा अगदी बरोबर होता. क्लॉग-प्रूफ नाव असलं तरी दाट फेसात हा तुंबतोच, आणि याला दुधारीच्या दुप्पट वेळा धुवावं लागतं. मी त्यांना एकदा करून बघा म्हटलं. त्यांनी एक गाल केला आणि दुसरा स्वतःच्या रेझरने.

नव्याने शिकणाऱ्याने यापासून सुरुवात करावी का? माझ्या मते आधी सहा महिने साधा दुधारी वापरा. तो चुका पोटात घालतो. आणि ज्याला सकाळी सात मिनिटांत आवरून ट्रेन पकडायची आहे, त्याने याच्या वाटेलाच जाऊ नये. मला पंधरा मिनिटं लागतात, फेस करण्यासकट.

राहता राहिली वापरलेली पाती. आमची भाड्याची जागा जुन्या इमारतीत आहे. बाथरूममधल्या आरशाच्या कपाटात, मागच्या पत्र्याला बोटभर लांबीची एक चीर आहे. दोन वर्षं मला ती कशासाठी आहे हेच कळलं नव्हतं. जुनी ब्लेडं टाकायला पूर्वी इथल्या घरांत अशी सोय असायची, आणि टाकलेलं ब्लेड सरळ भिंतीच्या पोकळीत जायचं. पहिलं पातं संपलं तेव्हा मी ते तिथून आत सोडलं. खाली कुठेतरी दुसऱ्या पात्यांवर पडल्याचा आवाज आला. तेव्हापासून मी पाती कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो.