टू-स्ट्रोक डर्टबाइकसाठी प्रेशर टेस्ट किट: पावसाळाभर वापरल्यानंतर

इंजिन बांधून झालं की पहिली किक मारायच्या आधी, हवा कुठून गळते का ते शोधणारं हे किट लावायचंच, असा आता आमच्याकडे नियम झाला आहे. गोव्यात डिचोलीला घरच्या पडवीत माझी यामाहा वायझेड १२५ आणि मित्रांच्या जुन्या आरएक्स १०० यांची कामं चालतात. या सगळ्या गाड्यांवर किट वापरून झालं, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

किट म्हणजे काय, तर हातपंप, ० ते १५ पीएसआयचं गेज, नळी आणि मधला नट आवळला की फुगणारी रबरी बुचं. कार्ब (कार्ब्युरेटर) काढून इनटेक रबरात, म्हणजे कार्ब बसतो त्या रबरी नळीत, एक बूच, सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडाला दुसरं. पिस्टन अगदी खाली आणायचं, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (खालून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि क्रँककेसपासून (पिस्टनखालची, क्रँक फिरतो ती पेटी) हेडपर्यंत सगळी जागा एक होते. मग ६ पीएसआय हवा भरून थांबायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, हा नेहमीचा दंडक. नव्याने बांधलेल्या इंजिनाला माझ्या मते एवढीही सूट देऊ नये. काटा पाच-सहा मिनिटं जवळजवळ जागेवरच राहायला हवा. आणि हवा मात्र हातानेच भरा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरायला गेलात तर क्रँकच्या टोकांची चांगली ऑइल सीलंसुद्धा जागेवरून उठतील.

हवा इनटेकच्या बाजूनेच भरावी असं मी आग्रहाने सांगेन. एक्झॉस्टकडून भरली तर रीडच्या (इनटेकमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पाकळ्या मिटतात, मग इनटेक रबराला गेलेली भेग दाबाखाली येतच नाही. आणि आमच्याकडे ती भेग पडायची जागा नेमकी तीच असते.

काटा उतरला की साबणाचं पाणी घ्यायचं. ब्लॉकचं पॅकिंग, रीडचा जोड, क्रँककेसच्या दोन भागांमधली शिवण, प्लगचा वॉशर, पॉवर व्हॉल्व्हचं (एक्झॉस्टचं तोंड लहानमोठं करणाऱ्या झडपेचं) कव्हर अशा क्रमाने फवारत जायचं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा. कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेडची ओ-रिंग गेली. मॅग्नेट साइडचं क्रँकचं सील फ्लायव्हीलच्या मागे असतं, त्यामुळे कव्हर काढल्याशिवाय फेस दिसत नाही. क्लच साइडचं तर बाहेरून दिसतच नाही, कारण तिथली हवा गिअरबॉक्समध्ये जाते. त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरची, म्हणजे हवा बाहेर सोडणारी, नळी पाण्याच्या ग्लासात बुडवायची. बुडबुडे आले की उत्तर मिळालं. पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होणं या दोन्ही तक्रारींचं मूळ अनेकदा हेच असतं, आणि लोक उगाच रिंगा बदलत बसतात.

या किटची खरी किंमत मला जेटिंगच्या, म्हणजे कार्बमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं माप ठरवण्याच्या, वादात कळली. रेस सोडली तरी इंजिन चढलेलंच राहतं, अशी एका मित्राच्या गाडीची तक्रार होती. ऐन पावसाळा. दमट हवेत ऑक्सिजन कमी, म्हणजे मिश्रण झालंच तर किंचित रिच (पेट्रोल जास्त) व्हायला हवं. इथे लक्षणं सगळी लीनची (पेट्रोल कमी, हवा जास्त). दुसऱ्याने ई२० पेट्रोलकडे बोट दाखवलं. तेही खोटं नाही, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि त्याच जेटवर मिश्रण लीन होतं. मोठा जेट लावून मोकळे व्हा, असा सल्लाही तयार होता. किट लावलं, दोन मिनिटांत काटा निम्म्यावर, आणि फेस मॅग्नेटच्या मागून. सील बदललं, जेट होता तोच ठेवला, गाडी सुतासारखी सरळ.

मोठ्या जेटने लीक झाकता येत नाही, हे मला तळमळीने सांगायचं आहे. बारीक रेसवर लीकची हवा प्रमाणाने जास्त पडते, पूर्ण रेसवर कमी. एक जेट दोन्हीकडे बरोबर बसणार कसा? सत्तरी तालुक्यातल्या उतारांवर रेस बंद करून गाडी सोडली की पेट्रोलसोबत ऑइलही जेमतेम येतं. त्यात बाहेरची हवा आत शिरली तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

आता किटच्या उणिवा. पहिली, बुचं आणि नळीचे जोड स्वतःच गळतात. म्हणून आधी दोन बुचं एका पाइपच्या तुकड्यात बसवून किटचीच परीक्षा घ्या, नाहीतर चांगलं इंजिन विनाकारण खोलाल. दुसरी, एक्झॉस्टच्या तोंडाला कार्बन आणि ऑइल असेल तर बूच दाबाने सुटून येतं. तोंड पुसून कोरडं करावं लागतं. इंजिन थंड आणि सावलीत हवं, ऊन लागलं की आतली हवा तापते आणि काटा फसवतो. तिसरी उणीव मोठी: माझ्या किटमध्ये फक्त दाब आहे, व्हॅक्यूम नाही. सीलची ओठासारखी कड दाबाखाली शाफ्टला चिकटते आणि खेचल्यावर सुटते, असं घडू शकतं. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये खेचच असते, म्हणून दोन्ही बाजूंनी चालणारा पंप असलेलं किट मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यावेत.

किट घ्यायचं नसेल तर मेडिकलमधून बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी बल्ब आणि त्याचं काट्याचं गोल गेज आणा. त्यावरचे ३०० एमएम (पाऱ्याचे) म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, कामाला पुरेसं. टायरचं १०० पीएसआयचं गेज मात्र नको. ६ वरचा काटा त्यावर हललेला कळतच नाही.