चॅनल 11, रुंदी 160

वायफायबद्दल मला काहीच कळत नसतं, तर तो राउटर मी पहिल्याच दिवशी परत केला असता. थोडंफार कळत होतं, म्हणून विक्रेत्याची प्रत्येक सबब मला पटत गेली आणि रिटर्नची मुदत निघून गेली.

गरज साधी होती. व्हिडिओच्या मोठमोठ्या फायली लॅपटॉपवरून घरच्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) टाकायच्या होत्या. चॅनल म्हणजे वायफायची हवेतली वाट, जितकी रुंद तितका वेग जास्त. लॅपटॉपचं वायफाय कार्ड 160 मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल घेऊ शकतं, पण जुना राउटर 80 च्या पुढे जात नव्हता. ऑनलाइन बाजारात ‘खोका उघडलेला, पण न वापरलेला’ असा वायफाय 6 चा ‘एएक्स 3000’ राउटर दिसला. चॅटवर विचारलं, 160 चालतं का? उत्तर आलं, “चालतं म्हणजे काय, टेस्ट करूनच पाठवतो.” सोबत सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट: रुंदी 160, लिंक स्पीड (म्हणजे जोडणीचा वेग) 2402. मी पैसे भरून मोकळी झाले.

राउटर आला. सेटिंगमध्ये 160 चा पर्याय होता, तो निवडला, सेव्ह केला. लॅपटॉपवर लिंक स्पीड 1201.

वायफाय 6 मध्ये दोन स्ट्रीम (एकाच वेळी जाणारे दोन डेटाप्रवाह) आणि 80 मेगाहर्ट्झ असले की वरची मर्यादा सेकंदाला 1201 मेगाबिट. रुंदी दुप्पट केली की 2402. म्हणजे जोडणी 80 वर आहे हे आकडाच सांगत होता, आणि मलाही ते कळलं. मी विक्रेत्याला तसं लिहिलं. इथून पुढे त्याने मला जे खेळवलं, त्यात एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. म्हणूनच हे लिहायला बसले.

पहिली सबब: “तुमचा लॅपटॉपच 160 चा नसेल.” असं होतं खरं. राउटरला किती रुंदी झेपते ते तो सतत जाहीर करत असतो. जोडणीची विनंती पाठवताना लॅपटॉप आपली कुवत सांगतो. दोघांत जी कमी, तिच्यावर गाडी चालते. मग मी कार्डाची माहिती शोधली, ड्रायव्हर बदलले, आणि शेवटी लॅपटॉप उचलून मैत्रिणीकडे नेला. तिच्या राउटरला लावल्यावर क्षणात 2402. तीन दिवस यात गेले.

दुसरी सबब रडारची, आणि ही तर मला फारच पटली. 5 गिगाहर्ट्झमध्ये 36 ते 64 हे आठ चॅनल एकत्र आले की 160 चा एक पट्टा होतो. त्यातले 52 ते 64 रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे बोलण्याआधी राउटरने निदान 60 सेकंद नुसतं ऐकायचं, आणि रडार आढळलं तर ते चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. “तुमच्या भागात रडार असणार, रात्री बघा,” तो म्हणाला. मी रात्री दोनला उठून लिंक स्पीड बघत बसले. आता हसू येतं, तेव्हा मात्र मी वहीत वेळा टिपत होते.

तिसरी, शेजारच्या नेटवर्कांची गर्दी. हेही होतं. पाठवणारा आधी आरटीएस नावाची छोटी विचारणा पाठवून ‘एवढ्या रुंदीत पाठवू का’ असं विचारू शकतो, आणि समोरचा त्याला जेवढे चॅनल मोकळे दिसतात तेवढ्यांवरच सीटीएस, म्हणजे होकार, देतो. त्यामुळे एक फ्रेम (डेटाचं एक पाकीट) 160 वर, पुढची 80 वर, त्यापुढची 40 वर असं होऊ शकतं. पण हा निर्णय फ्रेमगणिक होतो. गर्दी असेल तर आकडा वरखाली व्हायला हवा, कधीतरी एकदा तरी 1201 च्या वर डोकावायला हवा. माझा पाच दिवसांत एकदाही गेला नव्हता. संशय इथेच यायला हवा होता. आला नाही, कारण तोवर त्या माणसाला या विषयातलं माझ्याहून जास्त कळतं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चौथी सबब अगदी भिकार होती: “फर्मवेअरचा अपडेट येतोय, चार दिवस थांबा.” रिटर्नची मुदत दहा दिवसांची. अकराव्या दिवसापासून चॅटला उत्तर नाही.

मग मी ते केलं, जे खोका उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात करायला हवं होतं. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर आयडब्ल्यू या साधनाने आजूबाजूच्या नेटवर्कांचं स्कॅन घेतलं. त्याला पासवर्ड लागत नाही, जोडणीही करावी लागत नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा बीकन, म्हणजे स्वतःची ओळख सांगणारे छोटे संदेश, हवेत सोडतो. मुख्य चॅनल कोणता, 40 साठी जोडीचा चॅनल त्याच्या वर की खाली, 80 किंवा 160 असेल तर पट्ट्याचा मध्य कुठे, हे सगळं त्यात असतं. मुख्य चॅनल 36 असेल तर 80 चा मध्य 42 येतो आणि 160 चा 50. माझ्या राउटरच्या बीकनमध्ये 42 होतं, 50 कुठेच नव्हतं. कुवतीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नायदर 160 नॉर 80+80’, म्हणजे 160 जमतच नाही. वायफाय 6 च्या भागातही 160 ची ओळ नव्हती.

सेटिंगचं पान माणसांना दाखवायचं असतं, त्यावर काहीही रंगवता येतं. या पठ्ठ्याने पान बदललेलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, भरलं होतं. 160 निवडा नाहीतर 320, आत फरक शून्य. बीकनला मात्र त्याने हात लावला नव्हता, कारण तिथे खोटं लिहिलं तर लॅपटॉप खरोखर 160 च्या फ्रेम पाठवायला लागला असता, त्या राउटरला कळल्याच नसत्या, आणि जोडणी कोसळून बिंग फुटलं असतं.

स्कॅन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आधी सेटिंगमध्ये 160 निवडा आणि ते ऐकण्याचं एक मिनिट जाऊ द्या. 80 वर ठेवलेले काही चांगले राउटरही 160 ची कुवत जाहीर करत नाहीत, उगाच भल्या विक्रेत्याशी भांडण व्हायचं.

तळाचं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली दुसरं. त्यावर 1800. हे आकडे म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडच्या वेगांची बेरीज असते: 574 आणि 1201 मिळून 1775, त्याचे गोळाबेरीज 1800. 574 आणि 2402 मिळून 2976, त्याचे 3000. निम्मा राउटर पूर्ण म्हणून खपवला होता.

तक्रार केली. बाजारवाल्यांचं म्हणणं, उपकरण चालू आहे, नेट येतं, मुदत संपली. स्कॅन आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो पाठवले आहेत, अजून प्रकरण ‘विचाराधीन’ आहे.

तक्रारीला जोडायला म्हणून तो पहिला स्क्रीनशॉट पुन्हा उघडला, तेव्हा रुंदीच्या वरची ओळ प्रथमच वाचली. चॅनल 11. म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झ, जिथे 2400 ते 2483.5 असा अख्खा बँडच 83.5 मेगाहर्ट्झचा आहे. त्यात 160 बसवणं म्हणजे पेल्यात घागर ओतणं. चित्र जोडताना त्याचा हात चुकला होता, आणि पैसे भरण्याआधी ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

गेल्या आठवड्यात तोच फोटो नव्या विक्रेत्याच्या नावाने परत दिसला. स्क्रीनशॉटही तोच. चॅनल अजून 11 च आहे.